नवशिक्याला झेपेल असा बोर्ड

अताया, करकना बेट
९ फेब्रुवारी

ओल्फा पोरी, सलाम.

काकाचं पत्र पाहून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. मेल्याची बातमी मी फोनवर देतो. हे कामाचं आहे म्हणून लिहितो. एकतीस वर्षं या बेटावर पत्रं वाटली, तर एखादं लिहिण्याचा हक्क मलाही आहे.

सफाक्सच्या डॉक्टरनं माझे गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाला, विनाकारण नाव समुद्रात काढू नका. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, माशांचा सापळा उचलल्याशिवाय कारण होतं की नव्हतं हे कळायचं कसं? पाचातल्या तीन सकाळी सापळा रिकामा असतो. चारशे मीटर जायचं, कमरेएवढ्या थंड पाण्यात उतरायचं, शेवाळ झटकायचं आणि परत यायचं.

आपल्या शरफियाचा, म्हणजे या झावळ्या-सापळ्याच्या मासेमारीचा, कायदा तुला ठाऊक आहे. आपला सापळा आपल्याच रक्ताच्या हातानं उचलायचा. तुझा बाप नूरी गेल्यावर त्याचा अर्धा वाटा तुझा झाला, म्हणजे हात दोनच उरले, माझा आणि तुझा. तीन दिवस कोणी उचलला नाही तर शेजाऱ्यानं उचलावा, आणि असं हंगामात तीनदा झालं तर जागा शेजाऱ्याची. शेजारी लझहर आहे. तो माझे दिवस तसबीहच्या मण्यांवर मोजतो.

तू दिवसभर यंत्रांचे बोर्ड दुरुस्त करतेस. म्हणे आता असे छोटे बोर्ड निघालेत की शाळेतली पोरंसुद्धा त्यांना तारेशिवाय बोलायला लावतात. मासा सापळ्यात शिरला की घरी कळलं पाहिजे, एवढंच हवं. अडुसष्ट वर्षांच्या कोऱ्या विद्यार्थ्यानं यातला कोणता घ्यावा? तू तयार करून पाठवू नकोस. ते बिघडलं की मी पुन्हा तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसेन. मला शिकव.

आणि ते घंटीसारखं वाजेल का?

तुझा हेदीकाका


सफाक्स
१४ फेब्रुवारी

हेदीकाका, सलाम.

पत्र मिळालं. क्रमानं उत्तर देते.

शाळेत वापरतात तो निळा बोर्ड शिकायला सर्वांत सोपा, असं सगळे सांगतील. पण त्याला स्वतःहून बिनतारी बोलता येत नाही. वेगळा रेडिओ जोडावा लागतो, त्याच्या सात तारा. सात तारांत नवशिक्या किमान दोन चुका करतो. तो बाद. दुसरा प्रकार पंधरा किलोमीटरपर्यंत बोलतो. तुम्हाला चारशे मीटर हवेत. तोही बाद.

तुमच्यासाठी ईएसपी३२. रेडिओ त्याच्या पोटातच असतो. असे दोन बोर्ड एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये इंटरनेट लागत नाही. स्क्रूनं तार आवळता येते असा घेतला आहे, म्हणजे कथलाचा डाग द्यायला नको. एक सापळ्याच्या खांबावर, पाण्यापासून दोन मीटर वर, डब्यात. दुसरा घरी, फोनच्या चार्जरवर. सापळ्याच्या तोंडाशी एक हलकी पट्टी टांगायची, तिला चुंबक. मासा आत शिरताना पट्टी कलते, बोर्ड एक मोजतो. लाल तार विजेची, काळी अर्थिंगची, पिवळी पट्टीची. चित्र सोबत आहे.

घंटी लावलेली नाही. घरच्या बोर्डावर हिरवा दिवा आधीच बसवलेला असतो. दहा मासे झाले की तो लुकलुकेल. नवशिक्यासाठी नियम एकच: जी तार लागत नाही ती जोडू नये.

दोन गोष्टी आणखी. मी करकनाला येणार नाही, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे नंतर विषय निघायला नको. आणि माझ्या ओळखपत्रावर अजून बेटाचा पत्ता आहे. परदेशातून माझ्या नावे एक पत्र यायचं आहे. आलं तर लगेच पाठवा.

ओल्फा


अताया
१७ फेब्रुवारी

ओल्फा पोरी,

बोर्ड मिळाले. फेरीबोटीवरच्या शादलीनं डबा कानाशी हलवून पाहिला आणि विचारलं, हेदी, यात मिठाई आहे का? मी म्हटलं, यात माझा जावई आहे, उद्यापासून तो मासे मोजणार. शादली म्हणाला, जावयापेक्षा छोटाच आहे, जेवणार तरी कमी.

तुझं पत्र आलं होतं, सोबत पाठवतो. समुद्र खवळलेला होता, फेऱ्या बंद होत्या, उशीर झाला.

तुझं चित्र छान आहे, पण अक्षर मुंगीचं. तुझ्या बापाचंही असंच होतं. जरा मोठं लिहीत जा, कागद फुकट मिळतो.

त्या दिव्याचं पुन्हा सांग. तो वाजू शकत नाहीच का? म्हातारा माणूस, मी काय दिव्याकडे टक लावून बसणार? वाजलं की मी अंगणातून ऐकेन.

हेदीकाका


सफाक्स
२२ फेब्रुवारी

हेदीकाका,

पाकीट मिळालं. बेटाच्या पोस्टाचा शिक्का ८ फेब्रुवारीचा आहे. तुम्ही ते १७ तारखेला पाठवलंत. मी फेरीच्या कार्यालयात विचारलं, त्या नऊ दिवसांत फेऱ्या दोनच दिवस बंद होत्या. मी कारण विचारत नाही. आकडे जुळत नाहीत एवढंच नोंदवते. कामाचं पत्र होतं. त्यात दिलेली एक तारीख त्यामुळे हुकली. दुसरी मिळेल.

दिवा वाजू शकत नाही. बोर्ड टेबलावर ठेवा, तुम्ही जेवता तिथे. दिवसातून तीनदा त्याच्यासमोर बसताच.

तारांचा क्रम पुन्हा: लाल, काळी, पिवळी. उलटसुलट झाल्यास बोर्ड जळतो. शंका असेल तर जोडू नका, मला लिहा.

ओल्फा


अताया
२० मार्च

ओल्फा पोरी,

महिना लागला, पण खांबावर बसवला. स्वतःच्या हातानं. एक तार चुकली नाही. वाटेत स्क्रू दोनदा समुद्रात पडला, तो समुद्राला दिला आणि दुसरा घेतला.

आता तक्रार ऐक. तुझा दिवा लागतच नाही. मी तीन वेळा जेवलो, त्याच्यासमोर बसूनच जेवलो. सोमवारी लागला नाही, मंगळवारी लागला नाही. म्हटलं, मासे नाहीत, गुडघ्यांना आराम. बुधवारी सकाळी लझहर धक्क्यावर आला, हातात तसबीह. म्हणाला, "हेदी, तुझा सापळा पोटुशी बाईसारखा फुगलाय. आज तिसरा दिवस, दुपारपर्यंत थांबतो."

मी तसाच निघालो. कोळथे आणि बोई मासे, एक आठ पायांचा बाबा. निम्मे मेलेले होते, खेकड्यांनी खाल्लेले. लझहर नावेत उभा राहून बघत होता. म्हणाला, "यंत्राला विचार ना, जेवायला काय करू म्हणून."

एकदा तो मला सापडला तर पुढच्या दोन वेळा तो वाट पाहील. जागा गेली तर नूरीचाही वाटा गेला, हे तुला सांगायला नको.

एक गंमत. पुढच्या दिवशी मी घरचा बोर्ड शाळेच्या मास्तरला दाखवला, तर तो म्हणाला, यानं एक्केचाळीस मोजलेत. मी जाऊन पाहिलं, तीन बोई आणि एक चप्पल. डाव्या पायाची.

हेदीकाका


सफाक्स
२५ मार्च

हेदीकाका,

चपलेची गोष्ट सोपी आहे. शेवाळ पट्टीला लागून जातं तेही मोजलं जातं. पट्टी अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त कलली तरच मोज, असं मी लिहून देते.

दिव्याची गोष्ट सोपी नाही. दोन्ही बोर्ड शादलीबरोबर परत पाठवा. तारा काढू नका, जशा आहेत तशा. तोवर रोज जावं लागेल.

आता दुसरं, जे फेब्रुवारीतच लिहायला हवं होतं. ते परदेशातलं पत्र ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावाहून होतं. एका कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांच्या विभागात मला नोकरी आहे. १ जूनला हजर व्हायचं आहे. आईला माहीत आहे, आता तुम्हाला. मी गेले की आपल्या शरफियाला हात एकच उरतो. म्हणून हा बोर्ड मी इतका निवडून घेतला. तो माझ्या जागी उभा राहणार आहे. तो चालला तर मी जाऊ शकते. नाही चालला तर तुम्ही तीन वेळा चुकाल, आणि ते मला ग्राझमध्ये कळेल.

म्हणून सरळ विचारते. शरफिया माशाचा पाठलाग करत नाही. उथळ पाण्यात ताडाच्या झावळ्यांची भिंत रोवतात. माशाला भिंत लागते, तो सुटायला खोल पाण्याकडे वळतो, आणि खोल पाण्यात आपला सापळा असतो. बाबांनी मला हे सातव्या वर्षी शिकवलं. आधी एक बोर्ड, मग तारा, मग दिवा लागत नाही, मग लझहर. दर पत्रात एक झावळी. पुढच्या पत्रात तुम्ही लिहाल, एकदा येऊन बघून जा. तसं असेल तर आत्ताच सांगा.

ओल्फा


अताया
२८ मार्च

ओल्फा,

दोन्ही बोर्ड पाठवले. तारा तशाच आहेत. येऊन बघ असं मी लिहिलेलं नाही, लिहिणार नाही.

बाकीचं सुचलं की लिहीन.

हेदीकाका


सफाक्स
२ एप्रिल

हेदीकाका,

हे पत्र जाड काळ्या पेनानं, मोठ्या अक्षरात लिहिते आहे. एका पानावर सात ओळी. पानं जास्त झाली तर राग मानू नका.

घरचा बोर्ड निर्दोष आहे. दिवा कधी लागला याची नोंद तो ठेवतो. सोमवारी तो चार वेळा लागला. मंगळवारी नऊ वेळा. बुधवारी पहाटेपर्यंत सहा वेळा. एकूण एकोणीस. तुम्ही त्याच्यासमोर बसून जेवत होता.

मग सापळ्याचा बोर्ड उघडला. लाल तारेला एक गाठ होती, काळीला दोन, पिवळीला तीन. रंग दिसणाऱ्या माणसाला गाठी लागत नाहीत.

मग तुमची पत्रं काढून पुन्हा वाचली. प्रत्येक ओळीखाली कागदाला एक बारीक चरा आहे. ताणलेल्या दोऱ्याचा. दोऱ्याला पेन टेकवून तुम्ही सरळ लिहिता.

तुम्ही दोनदा विचारलंत, ते वाजेल का. मी दोनदा नाही म्हटलं. तिळाएवढा दिवा मी निवडला, कारण त्याला तार लागत नव्हती. नवशिक्याला काय दिसतं हे आधी विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही. ही चूक माझी आहे.

गुडघे दुखतात हे खरं असेल. पण डॉक्टरनं गुडघ्यांसाठी बोलावलं नव्हतं.

मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. नावेचा परवाना देणाऱ्यांना कळलं तर परवाना जाईल. लझहरला कळलं तर त्याला तसबीहचीही गरज उरणार नाही. आता हे मला माहीत आहे आणि मला जायचं आहे. काय दिसतं, किती दिसतं, ते लिहा. अंदाज नको.

ओल्फा


अताया
९ एप्रिल

ओल्फा पोरी,

चार पत्रांत आंधळा ओळखलास. तुझ्या यंत्रानं दोनच दिवसांत ओळखला होता, फक्त त्यानं चहाडी केली नाही.

अंदाज नको म्हणतेस, तर घे. दोन्ही डोळ्यांतलं मधलं गेलंय. जिकडे बघावं तिकडे चिखलाचा ठिपका. कडा आहेत. कडेनं रंग दिसतो, माणूस दिसतो, लझहर दिसतो, दुर्दैवानं. समुद्रात मला अडचण येत नाही. धक्क्यापासून शंभर वेळा वल्हं मारलं की आपल्या झावळ्यांची भिंत हाताला लागते. मग भिंत धरून जायचं. मासे तसेच जातात. तुझं पत्र वाचायला दोन दिवस लागतात, या वेळी अर्धा दिवस लागला.

आता ते नऊ दिवस.

ते पाकीट आठ तारखेला मीच घेतलं. उघडलं नाही. पोस्टमनला उघडावं लागत नाही. बाहेरच्या देशाचं तिकीट, जाड पाकीट, आत दोन घड्या, मुलीच्या नावाआधी तिचा हुद्दा. ते बोलावणं असतं. नकार एका पानाचा असतो, हाताला हलका लागतो. एकतीस वर्षांत मी अशी किती वाटली, आणि कोणाच्या घरी कोणती रडारड होणार ते दारातच कळायचं. त्या एकतीस वर्षांत एकही पत्र माझ्या घरात रात्रभर राहिलं नाही. तुझं नऊ रात्री राहिलं. पिठाच्या डब्यात.

पहिल्या रात्री वाटलं, नाही मिळालं तर ती जाणार नाही. दुसऱ्या सकाळी उठलो आणि तुला बोर्डाचं विचारलं. शरफिया तू बरोबर ओळखलीस, फक्त उलटी. तुला आत आणायला नव्हती. तुझ्याशिवाय जगता येतं का ते मला बघायचं होतं. येतं असं दिसलं असतं तर पाकीट लगेच दिलं असतं. तू बोर्ड पाठवलेस, त्यात लिहिलंस, मी येणार नाही. ते वाचून दोन दिवस गेले, मग पाकीट पिठातून काढून पुसलं. अजून त्याला पिठाचा वास असेल.

तुझी तारीख हुकली ती माझ्यामुळे. समुद्र खवळला होता हे खोटं लिहिलं. पोस्टमननं लिहिलं.

तू जा. लझहर काय करायचं ते करेल.

हेदीकाका


सफाक्स
२६ मे

हेदीकाका,

परवा निघते आहे. शादलीबरोबर तीन डबे पाठवले. लझहरच्या समोर उघडू नका.

पहिल्यात सापळ्याचा आणि घरचा बोर्ड. आता घरच्याला घंटी आहे. दहा मासे झाले की एकदा वाजेल. भरतीला सापळ्याच्या बोर्डाचा आवाज घरच्या बोर्डापर्यंत कमी पोचू नये म्हणून तिथला खांब अर्धा मीटर वाढवा, तेवढं करा. तारांना तुमच्याच गाठी घातल्या आहेत, एक, दोन, तीन.

दुसऱ्यात सिम घातलेला छोटा राउटर. तो चार्जरला लावून कपाटावर ठेवा, हात लावू नका.

तिसरा बोर्ड नावेसाठी. त्यावर दोन बटणं, बाटलीच्या बुचाएवढी. खडबडीत बटण धक्का सोडताना दाबायचं. गुळगुळीत बटण परत येऊन नाव बांधल्यावर. दोन्ही वेळा माझ्या फोनवर कळेल. पहिल्या बटणानंतर दोन तासांत दुसरं आलं नाही, तर मी शादलीला फोन करणार, आणि शादली लझहरला. हे तुम्हाला आवडणार नाही. म्हणून दुसरं बटण विसरू नका.

पाकिटाला पिठाचा वास आहे. व्हिसाच्या खिडकीतल्या बाईनंही हुंगून पाहिलं.

ओल्फा


अताया
१९ ऑक्टोबर

ओल्फा पोरी,

हंगाम सुरू झाला. झावळ्या मी आणि शादलीनं रोवल्या, सापळ्याला मात्र माझाच हात लागला. पहिल्याच पहाटे घंटी वाजली. दोनदा. मी अंगणात बार्लीची भाकर खात होतो, ती हातातच राहिली. नाव काढली, खडबडीत दाबलं, शंभर वल्ही, भिंत, सापळा. तेवीस बोई, जिवंत. लझहर बाजूलाच होता. त्यानं विचारलं, "हेदी, आज कसं कळलं रे तुला?" मी म्हटलं, "जावई बोलला." चार दिवस झाले, तो तसबीह विसरून येतोय.

घंटी वाजली नाही त्या दिवशी मी झोपून राहतो. गुडघे खरंच बरे झाले, आता खोटं बोलायला काही उरलं नाही.

तिकडे तू सकाळी काय खातेस?

हेदीकाका


ग्राझ
२४ नोव्हेंबर

हेदीकाका, सलाम.

सकाळी पाव आणि उकडलेलं अंडं खाते. हरीसाची तिखट चटणी आईनं दिलेली आहे, चमच्यानं मोजून खाते.

आज सकाळी तुमचं पहिलं बटण ६:०५ ला आलं. मी तेव्हा आंघोळीला जात नाही. दुसरं येईपर्यंत घराबाहेरही पडत नाही. ट्राम ७:५२ ची असते. फोन टेबलावर पालथा ठेवते आणि तरी दर मिनिटाला उलटा करते. इथल्या मुली विचारतात, घरी कोणी आजारी आहे का? मी म्हणते, नाही, काका मासे पकडायला गेलाय. त्यांना ते पुरत नाही. माझ्या सकाळी तुमच्या नावेला बांधलेल्या आहेत, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही.

आज दुसरं बटण ७:४६ ला आलं. काल ७:४४. परवा ७:५०, ट्राम चुकली.

आता एक तांत्रिक बाब, जी मे महिन्यात लिहायची राहिली. नावेतला बोर्ड फक्त बटण दाबल्यावर बोलतो असं तुम्हाला वाटतं. तो दर मिनिटाला बोलतो. घरचा बोर्ड प्रत्येक वेळी आवाज किती जोरात आला ते लिहून ठेवतो. तुम्ही सापळ्याजवळ असता तेव्हा आकडा वजा शहाऐंशी असतो. शून्याच्या जितका जवळ, तितके तुम्ही घराच्या जवळ. धक्क्याला नाव बांधली की तो वजा बावन्न होतो.

आज ७:०३ ला तो वजा बावन्न झाला, आणि ७:४६ पर्यंत हलला नाही. महिनाभराच्या नोंदी काढल्या. मासे मिळाले त्या प्रत्येक दिवशी असंच आहे. पस्तीस मिनिटं, एक्केचाळीस, त्रेचाळीस. नाव बांधलेली, मासे टोपलीत, तुम्ही नावेत बसलेले, गुळगुळीत बटणावर बोट ठेवून, दाबत नाही.

तुम्हाला ठाऊक असतं की तेवढा वेळ मी फोनकडे बघत असते.

मी बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालू शकते. आकडा वजा बावन्न झाला की दुसरं बटण आपोआप लागलं असं धरायचं. पाच मिनिटांचं काम आहे, इथून होतं. काल रात्री ती ओळ लिहिली. मग पुसली.

चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नका. पुढची ट्राम ८:०७ ची आहे, तिनं गेले तर मला कामावर धावत जावं लागतं. आणि थंडी वाढली की पाय सुके करून बसा, शाल नावेत ठेवा.

ओल्फा